पाटी तीच, डॉक्टर वेगळा

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की १९८४ साली सांगलीत गावभागात दवाखाना टाकला तेव्हाचा मी आणि आत्ताचा मी, पाटी तीच असली तरी डॉक्टर वेगळे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी या सदरातलं नेहमीचं पित्त, गुडघे, शुगर सगळं बाजूला ठेवून फक्त फॅमिली डॉक्टर स्वतःला कोण समजतो यावर बोलायचंय. निम्म्याहून जास्त पत्रं डॉक्टरांचीच आहेत, बाकी त्यांच्या घरच्यांची आणि पेशंटची. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : सर, मी एमबीबीएस, वय २९, तासगाव तालुक्यात दवाखाना टाकून दोन वर्षं झाली. स्पेशालिस्ट व्हायची नीट पीजी परीक्षा तीनदा दिली, हवी ती ब्रँच मिळाली नाही. प्रॅक्टिस बरी चाललीय पण पाहुणेरावळे विचारतात पुढं काय करणार, नुसतं एमबीबीएसच का. लग्नाच्या स्थळांकडून पण तेच. पेशंटसुद्धा दोन दिवसात ताप उतरला नाही तर म्हणतात, आता मोठ्या डॉक्टरला दाखवू का? मी पूर्ण डॉक्टर आहे असं मला स्वतःलाच वाटेना झालंय.

उत्तर : डॉक्टर, 'मोठा डॉक्टर' हा शब्द मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि पहिली दहा वर्षं तो मला चांगलाच टोचायचा. मी मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा. आणि मिरज म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, १८९४ साली डॉ. वॉनलेसनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून पार कर्नाटकातनं लोक मोठ्या डॉक्टरला दाखवायला तिथं येतायत. अशा गावाच्या शेजारी साधा दवाखाना टाकून बसायचं म्हणजे रोज कुणीतरी आठवण करून देणारच की तुम्ही ते नव्हे.

पण हे मनात कुठनं आलं ते बघा. आम्हाला कॉलेजात शिकवणारे सगळे सर्जन, फिजिशियन, गायनॅकचे, हाडाचे. साध्या दवाखान्यात बसून आयुष्य काढलेला एकही माणूस आम्हाला शिकवायला नव्हता, मग जो कधी बघितलाच नाही तसा डॉक्टर व्हायचं कसं? ज्याला पीजी मिळालं तो पुढं गेला आणि आपण उरलो, हा हिशोब डोक्यात घेऊनच आपण बाहेर पडतो. त्यामुळं तुमच्यात काही कमी आहे असं नाही, हे आपल्याला घडवतानाच आत भरलं जातं. आता २०२२ पासून एमबीबीएसच्या पोरांना पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं जोडून देतात, त्यांनी त्या घरांवर लक्ष ठेवायचं, जात येत राहायचं. चांगली सुरुवात आहे, पण तुमची बॅच त्याच्या आधीची.

इयन मॅक्विनी म्हणून एक डॉक्टर होते, इंग्लंडमध्ये वडिलांबरोबर जनरल प्रॅक्टिस करायचे, मग १९६८ साली कॅनडात गेले आणि तिथले फॅमिली मेडिसिनचे पहिले प्रोफेसर झाले. त्यांचं म्हणणं मला फार उशिरा वाचायला मिळालं, तुमच्या वयात मिळायला हवं होतं. ते म्हणायचे की बाकीचे डॉक्टर एखाद्या अवयवाशी, आजाराशी किंवा तंत्राशी बांधलेले असतात, फॅमिली डॉक्टर माणसाशी बांधलेला असतो, त्या माणसाला पुढं काय होणार आहे हे माहीत नसताना.

तुमच्या तासगावचंच उदाहरण घेतो. तुमच्याकडं 'औषध' शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक तुम्ही देता ते आणि एक द्राक्षाच्या बागेत मारतात ते. ऑक्टोबर छाटणी झाली की तुमच्याकडं असा माणूस येणार, बोटांच्या बेचक्यात बोर्डो फवारणीचा निळसर डाग, घाम सुटलाय, तोंडाला लाळ, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. तो म्हणतो औषध मारताना त्रास झाला. अॅट्रोपिन द्यायचं, सलाईन लावायची, गाडीत घालून मिरजेला पाठवायचं, हे कुणीही करेल, केलंच पाहिजे. पण मागच्या वर्षी अवकाळीनं त्याची बाग गेली होती, सोसायटीचं कर्ज थकलंय, भावाशी बांधावरनं बोलणं बंद आहे, हे तुम्हाला माहीत असतं. म्हणून गाडी निघायच्या आधी त्याच्या कानाजवळ वाकून, 'मारताना गेलं का घेतलंस?' हे तुम्हीच विचारू शकता, आणि तो खरं उत्तर तुम्हालाच देईल. मिरजेच्या आयसीयूत ते उत्तर मिळत नाही. आणि ते मिळालं नाही तर तो बरा होऊन परत त्याच घरात जातो, त्याच डब्याजवळ.

शिक्षण मात्र जरूर घ्या. फॅमिली मेडिसिनचं तीन वर्षांचं डीएनबी, म्हणजे पीजीचंच शिक्षण, आहे, आणि दवाखाना सांभाळून करायचं तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा दूरशिक्षणातला डिप्लोमा आहे. हात तयार होण्यासाठी करा. स्थळं येतील.

प्रश्न : मी सातारा शहरात वीस वर्षं प्रॅक्टिस करते, वय ४७. पूर्वी पेशंट बरा झाला की दिवसभर छान वाटायचं. आता माणूस आत आला की तो काय बोलणार ते आधीच माहीत असतं, बीपी, शुगर, थायरॉइड, गुडघे. कुणी बरंच होत नाही, नुसती गोळी वाढवा गोळी कमी करा. त्यात २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये माझ्या पेशंटसाठी बेड शोधत मी रात्र रात्र फोन केले, मिळाले नाहीत, इतक्या वर्षांच्या ओळखीची माणसं गेली. तेव्हापासून आत काही हलतच नाही. लोक रडतात आणि मी घड्याळ बघते. दवाखाना बंद करू का?

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दोन गोष्टी वेगळ्या करून बोलतो, कारण त्या एकात एक मिसळल्यात.

पहिली म्हणजे तुम्ही थकलाय, आणि हा झोपेनं जाणारा थकवा नाही. क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटचे तीन भाग सांगितलेत, आतनं रिकामं होणं, माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपण काही कामाचे नाही असं वाटणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. ज्या माणसांना बेड मिळाला नाही त्यांचा शोक करायला तुम्हाला वेळच मिळाला नाही, दुसऱ्या दिवशी ओपीडी होती. तेव्हा आधी कुणाशी तरी बोला, ओळखीचा मानसोपचारतज्ज्ञ असेल तर तो, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ नंबर आहे, तो डॉक्टरांसाठीही आहे. या अवस्थेत दवाखाना बंद करायचा निर्णय घेऊ नका, एवढी एक विनंती.

दुसरी गोष्ट 'कुणी बरंच होत नाही' ही. याच्यावर मला जास्त बोलायचंय कारण माझं स्वतःचं इथंच अडलं होतं.

मी सुरुवात केली तेव्हा टेबलावर स्टोव्ह, त्यावर उकळणारा सुयांचा डबा, काचेच्या सिरिंज. कंपाउंडर बाटलीत मिक्स्चर भरायचा आणि कागदाची पट्टी कात्रीनं कातरून बाटलीला चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. येणारे आजार म्हणजे ताप, हगवण, गळू, टायफॉइड. पाच दिवसात माणूस उठून कामाला जायचा, आणि लोक म्हणायचे डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. तो शब्द डोक्यात जातो बघा. माझी सगळी डॉक्टरकी त्या गुणावर उभी होती, मी म्हणजे बरं करणारा.

मग एचआयव्ही आला. १९८६ ला मद्रासला पहिल्यांदा सापडला तेव्हा लांबची गोष्ट वाटली, पुढं आपला सांगली जिल्हा जास्त लागण असलेल्या जिल्ह्यात गणला जायला लागला. काचेच्या सिरिंज गेल्या, एकदा वापरून टाकायच्या आल्या, ते सोपं होतं. अवघड होतं ते म्हणजे एक ट्रक ड्रायव्हर, चौतीस-पस्तीसचा, दर गुरुवारी यायचा. औषध होतं पण ते त्याच्या काय माझ्याही आवाक्याबाहेरचं. मी काय करायचो, वजन घ्यायचो, तोंडातली बुरशी बघायचो, खोकला ऐकायचो, साध्या गोळ्या द्यायचो. दर आठवड्याला काटा थोडा खाली. मला त्याचा राग यायचा, खरंच सांगतो, गुरुवार उजाडला की नको वाटायचं, कारण तो आला की मला कळायचं की माझ्या हातात काही नाहीये. तो गेला. पुढं २००४ च्या एप्रिलपासून सरकारनं मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, सुरू केली, टप्प्याटप्प्यानं ती आपल्याकडंही आली, आणि त्याची बायको त्या गोळ्यांवर आजही चांगली आहे, नातवाला घेऊन येते. तिला मी एकदा म्हणालो, तुमच्या मालकांसाठी मला काहीच करता आलं नाही. तर ती म्हणाली, 'असं कसं डॉक्टर, तुमी त्यास्नी हात लावून तपासायचा. आमच्या घरात बी कोण लावत नव्हतं.'

मी त्या दिवशी पुढचा पेशंट दहा मिनिटं आत घेतला नाही.

तेव्हा मला कळलं की माझ्याकडनं लोक जे घेत होते ते आणि मी जे देतोय असं समजत होतो ते, ही दोन वेगळी होती. मी बरं करणारा म्हणून स्वतःला मोजत राहिलो आणि त्यांनी मला केव्हाच वेगळ्या जागी बसवलं होतं.

आता बीपी-शुगरचं. वेल्समध्ये ग्लिनकॉरग नावाचं कोळसा खाणीचं गाव होतं, तिथं ज्युलियन ट्यूडर हार्ट म्हणून डॉक्टर सुमारे तीस वर्षं राहिले. जिथं गरज जास्त तिथं चांगली सेवा कमी पोचते हे त्यांनी १९७१ साली मांडलं, त्यांचं नाव आपल्याला पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, पुस्तकातनं माहीत असतं. पण त्यांनी गावात केलं काय, तर कोण येतो याची वाट न बघता गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी मोजलं, वही ठेवली, आणि ती सोडली नाही. पंचवीस वर्षांनी हिशोब काढला तेव्हा शेजारच्या तसल्याच गावापेक्षा इथं ६५ च्या आतले मृत्यू कमी होते. समोर आलेल्याला गोळी देणारा आणि न आलेल्याची आठवण ठेवणारा, यात किती फरक आहे बघा. तुम्ही एक करून बघा मॅडम, तुमच्या सगळ्या शुगरच्या पेशंटची यादी काढा आणि मागच्या वर्षात कितीजणांचे पाय मोनोफिलामेंटनं, म्हणजे स्पर्श कळतो का ते बघायच्या नायलॉनच्या धाग्यानं, तपासले, कितीजणांचा डोळ्याचा पडदा बघितला गेला, कितीजणांची लघवी तपासली, नुसत्या खुणा करा. मी २००६ ला केलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, आणि पुढची पाच-सहा वर्षं मला सकाळी दवाखान्यात जायची घाई असायची, जी त्याआधी कित्येक दिवसात नव्हती.

आणि एकट्या राहू नका. लंडनमध्ये १९५० च्या आसपास मायकेल बॅलिंट नावाचे मनोविश्लेषक जीपी लोकांना, म्हणजे आपल्यासारख्या साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना, गोलात बसवायचे आणि एकानं एकच पेशंट सांगायचा, औषधाबद्दल नाही तर त्या पेशंटनं तुमच्या मनाचं काय केलं ते. आम्ही इथं पाचजण महिन्यातल्या एका रविवारी असे बसतो, चहा आणि भडंग, औषध कंपनीचा एमआर नाही, प्रायोजक नाही. साताऱ्यात तुम्हाला चारजणी सहज मिळतील.

प्रश्न : आमचे फॅमिली डॉक्टर पूर्वी नाडी बघायचे, जीभ बघायचे, पुडी द्यायचे, वीस रुपयात काम व्हायचं. आता त्याच डॉक्टरांकडं गेलं की टेस्टची चिठ्ठी नाहीतर स्पेशालिस्टची चिठ्ठी. कमिशन खातात का हो? की वय झालं म्हणून घाबरतात? – वय ५८, विश्रामबाग

उत्तर : दोन्ही असू शकतं आणि तिसरंही. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की डॉक्टरची फी घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते. पेशंटच्या बाजूनं तो योग्यच होता, पण आमच्या पिढीतल्या डॉक्टरांच्या मनात त्या दिवसापासून समोर बसलेल्या माणसाच्या मागं एक वकील पण बसला. जे हातानं कळत होतं ते कागदावर पाहिजे झालं. दुसरं, वैद्यकशास्त्र खरंच पुढं गेलंय, काही गोष्टी नाडीत कळत नाहीत, थायरॉइड कळत नाही, किडनी कळत नाही, तेव्हा टेस्ट लिहिणारा डॉक्टर वाईट असं समजू नका.

आणि कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन घेणं, आहे. मी नाही म्हणणार नाही. माझ्याकडं एका लॅबचा लिफाफा आला होता, नव्वदच्या दशकात, मुलीची फी भरायची होती आणि तो लिफाफा दोन दिवस ड्रॉवरमध्ये पडून होता. तिसऱ्या दिवशी परत दिला. त्या दोन दिवसांत मी पेशंटच्या डोळ्याला डोळा देऊन बोललो नव्हतो हे मला अजून आठवतं.

तुम्ही सरळ विचारा, 'डॉक्टर, या टेस्टच्या रिपोर्टनं माझ्या औषधात काय बदलणार?' चांगला डॉक्टर न चिडता सांगतो. इतक्या वर्षांची ओळख आहे, तेवढा हक्क आहे तुमचा.

प्रश्न : माझे बाबा ७४ वर्षांचे, कोरेगाव तालुक्यात ४५ वर्षं दवाखाना. आता दिवसाला पाच-सहा पेशंट येतात. कमी ऐकू येतं, मध्ये एका पेशंटला काय होतंय ते चुकीचं ऐकलं, सुदैवानं काही झालं नाही. आम्ही दोघी बहिणी पुण्यात. बंद करा म्हटलं की म्हणतात, 'मग मी कोण?' – एक मुलगी

उत्तर : ताई, 'मग मी कोण' हा प्रश्न त्यांनी मोठ्यानं विचारला हे चांगलं झालं, आमच्यातले बरेचजण तो न विचारताच खुर्चीत बसून राहतात.

त्यांना माझी एक गोष्ट सांगा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. माझा दवाखाना छतापर्यंत पाण्यात. पस्तीस वर्षांचे केसपेपर, सगळ्या रजिस्टरचा लगदा झाला, कपाट उघडलं तर आत नुसता चिखल आणि शाईचा वास. मला वाटलं संपलं. पण कपाट उघडायच्या आधीच्या आठवड्यात मी शाळेतल्या पूरग्रस्तांच्या कॅम्पवर होतो, बाहेरगावाहून आलेले तरुण डॉक्टर फार जीव तोडून काम करत होते, पण आमची माणसं रांगेत उभी राहून सांगायची, 'सकाळची पांढरी आणि रात्रीची अर्धी'. अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडलेली माणसं, गोळ्यांचं पाकीट कुठलं जवळ असणार. ती पोरं माझ्याकडं बघायची आणि मी नावानिशी सांगायचो, यांची अॅम्लोडिपिन पाच, यांची ग्लिमेपिराइड, यांना अॅस्पिरिन देऊ नका अल्सर आहे. कागद बुडाले होते, ओळख बुडाली नव्हती. आणि आपल्या मराठीत या दोन्हींना एकच शब्द आहे बघा, मी कोण याला पण ओळख आणि मला माणसं किती माहीत आहेत याला पण ओळख. फॅमिली डॉक्टरच्या बाबतीत ते दोन्ही खरंच एकच असतं असं मला त्या कॅम्पवर वाटलं.

म्हणून बाबांना 'बंद करा' म्हणू नका, काय सोडायचं आणि काय ठेवायचं ते ठरवू द्या. सोडायचं ते ठाम सोडायचं, इंजेक्शन, सलाईन, लहान बाळं, रात्रीची इमर्जन्सी. कानाचं मशीन या आठवड्यात, त्यात तडजोड नाही, कारण चुकीचं ऐकणं म्हणजे चुकीची गोळी. मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, एमबीबीएस असतील तर त्यासाठी ३० क्रेडिट अवर्स, म्हणजे शिकत राहिल्याचे तास, ते झालंय का बघा. आणि ठेवायचं ते म्हणजे ओळख, पण ती दुसऱ्याच्या हातात द्यायला सुरुवात करायची. जवळपासचा एखादा तरुण डॉक्टर बघा, सहा महिने दोघांनी एकाच खोलीत बसायचं, तपासायचं त्यानं आणि बाबांनी फक्त सांगायचं, ही कुणाची कोण, हिच्या सासूला काय झालं होतं, हा खोकला सांगतो तेव्हा त्याला खरं काय सांगायचं असतं. हे कुठल्याच केसपेपरवर नसतं. मी गेल्या वर्षी हेच सुरू केलंय, आठवड्याचे तीन दिवस. पहिल्या महिन्यात पेशंट आत येऊन माझ्याकडं तोंड करून बोलायचे, मला गोड वाटायचं. मग मी माझी खुर्ची टेबलाच्या मागनं काढून खिडकीपाशी नेली. जड गेलं, बाबांनाही जाईल, त्या दिवशी तुमच्यापैकी एकीनं घरी असावं.

प्रश्न : आमच्या डॉक्टरांचा मुलगा आता दवाखान्यात बसतो. चड्डीत असल्यापासून बघितलाय, आमच्या परसातले पेरू चोरायचा. आता त्याला अरे म्हणू का अहो? अहो तोंडात येत नाही आणि अरे म्हटलं की नर्स माझ्याकडं बघते. – वय ७६, हरिपूर

उत्तर : आजी, गावभागात एक काकू होत्या, त्यांच्या अंगणात मी विटीदांडू खेळून मोठा झालो. दवाखाना टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात आल्या आणि बाहेर बसलेल्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, 'अहो डॉक्टर, बघता का जरा'. मी आत गेल्यावर म्हणालो, काकू, अहो काय. तर म्हणाल्या, 'मी अरे म्हटलं तर बाहेरचे पण अरेच म्हणतील, मग तुझं ऐकणार कोण?'

पुढं बारा-तेरा वर्षांनी एका रात्री त्यांच्या घरी व्हिजिटला गेलो, काकांचं सगळं आटोपलं होतं. त्या दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, 'आलास रे'.

तर आजी, सध्या अहो म्हणा, नर्ससमोर तरी. अरे तोंडात येईल तेव्हा येऊ द्या. आणि जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या, तुमची सकाळची पांढरी त्याला अजून ओळखीची नाही.